विश्लेषण : प्लास्टर निघाले, पण मुलाचा कोपर सरळच होत नाही... मालिश, व्यायाम की वाट पाहायची?

झाडावरून, गच्चीवरून किंवा सायकलवरून पडून मुलाचा कोपर मोडतो. तीन-चार आठवड्यांनी प्लास्टर निघते आणि घरच्यांच्या लक्षात येते, की हात पूर्ण वाकतही नाही आणि सरळही होत नाही. इथून पुढचे तीन महिने फार महत्त्वाचे असतात. या काळात केलेली घाई कधी कधी मूळ दुखापतीपेक्षा महागात पडते.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की जांभूळ, आंबा आणि चिंचेची झाडे भरतात. संक्रांतीच्या आसपास छत्रपती संभाजीनगरच्या गच्च्या पतंगबाजांनी भरतात. बाकीच्या वर्षात सायकल, घसरगुंडी, क्रिकेट आणि घरातला पलंग आहेच. मूल पडताना स्वतःला सावरण्यासाठी हात पुढे टेकवते. कोपर ताठ राहतो, शरीराचा सगळा भार त्यावर येतो आणि दंडाचे हाड कोपराच्या किंचित वर मोडते. शहरातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे सगळ्यांच्या ओळखीच्या 'घाटी'त, मराठवाड्यासह शेजारच्या जिल्ह्यांतूनही रुग्ण येतात. कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या अस्थिव्यंगोपचार विभागात गळ्यात झोळी अडकवलेली शाळकरी मुले हे नेहमीचे दृश्य असते.

हाड जुळण्याचे काम बहुतेक वेळा नीट होते, कारण मुलांची हाडे लवकर जुळतात. खरी धांदल प्लास्टर काढल्यानंतर सुरू होते. डॉक्टर म्हणतात, "हळूहळू हलवू द्या." शेजारी म्हणतात, "आता ताणलं नाही तर कायमचा वाकडा राहील." आजी तेलाची वाटी घेऊन बसते. कुणी हातात वाळूची पिशवी किंवा पाण्याची बादली धरून उभे राहायला सांगते. यातले बरोबर काय आणि चूक काय, ते समजून घेऊ.

कोपर इतक्या लवकर का आखडतो?

कोपर बाहेरून बिजागरीसारखा दिसतो, पण आत एकच सांधा नसतो. दंडाचे हाड आणि हाताची दोन हाडे मिळून तिथे तीन सांधे होतात आणि ते एकाच पिशवीसारख्या आवरणात बसलेले असतात. दोन सांध्यांमुळे हात वाकतो आणि सरळ होतो. तिसऱ्यामुळे तळवा वर-खाली फिरतो.

दुखापतीनंतर या आवरणात रक्त साचते आणि सूज येते. सुजलेला कोपर अर्धवट वाकलेल्या स्थितीत सगळ्यात कमी दुखतो, म्हणून मूल हात त्याच स्थितीत धरून ठेवते. प्लास्टरही साधारण त्याच कोनात असते. तीन-चार आठवड्यांत आवरण आकसते आणि स्नायू आखूड व दुबळे होतात. त्यात 'आता दुखेल' ही भीती मिसळते. शिवाय दंडाच्या पुढच्या बाजूचा एक मोठा स्नायू कोपराच्या सांध्याला अगदी चिकटून जातो. पडताना तो फाटतो आणि त्यातही रक्त साचते. या स्नायूचा मुद्दा मालिशच्या संदर्भात पुन्हा येईल.

सारांश असा, की प्लास्टर निघाल्यावर कोपर आखडलेला असणे अपेक्षितच आहे. त्याचा अर्थ उपचार चुकले असा होत नाही.

मुलांमध्ये कोणत्या दुखापती जास्त आढळतात?

सगळ्यात जास्त आढळणारी दुखापत म्हणजे दंडाच्या हाडाचा कोपराच्या लगेच वर होणारा मोड. साधारण पाच ते सात वर्षे वयात तो सर्वाधिक होतो, कारण या वयात तिथले हाड पातळ असते. हाड जागेवरून हलले नसेल तर प्लास्टर पुरते. हलले असेल तर भूल देऊन ते जागेवर बसवतात आणि बाहेरून बारीक तारा घालून धरून ठेवतात. साधारण तीन ते चार आठवड्यांनी तारा काढतात आणि त्यासाठी बहुतेक वेळा पुन्हा भूल द्यावी लागत नाही.

दुसरी दुखापत कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या तुकड्याची. ती फसवी असते. लहान मुलांच्या कोपराचा बराच भाग कूर्चेचा असतो आणि कूर्चा एक्स-रेमध्ये दिसत नाही. कोपरातली हाडाची सहा केंद्रे साधारण पहिल्या वर्षापासून अकरा-बारा वर्षांपर्यंत एकेक करून दिसू लागतात. त्यामुळे छोटा तुकडा नजरेतून सुटू शकतो. तो जुळला नाही तर पुढे कोपर बाहेरच्या बाजूला वाकडा होतो. काही वर्षांनी करंगळीकडे जाणाऱ्या नसेवर ताण येऊन बोटे बधिर होण्याची शक्यता असते.

तिसरी दुखापत म्हणजे हाताच्या आतल्या हाडाचा मोड आणि त्याच वेळी कोपराशी दुसरे हाड निखळणे. इटलीतले शल्यचिकित्सक मोंतेज्जिया यांनी १८१४ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून तिला त्यांचेच नाव आहे. एक्स-रे फक्त हाताचा काढला आणि त्यात कोपर आला नाही, तर मोड दिसतो पण निखळलेले हाड लक्षात येत नाही. मग काही महिन्यांनी 'हात वाकत नाही' अशी तक्रार घेऊन मूल परत येते. हात मोडल्यावर एक्स-रेमध्ये मनगट आणि कोपर दोन्ही दिसले पाहिजेत, असा आग्रह डॉक्टर धरतात तो यासाठीच.

आखडलेपणाचे कारण फक्त आकसलेले आवरण असेल तर काळ आणि हालचाल हेच औषध आहे. पण आत हाड वाकडे जुळले असेल, तुकडा अडकला असेल किंवा सांधा निखळलेला असेल, तर कितीही व्यायाम केला तरी दार उघडणार नाही. उपचाराची दिशा ठरवणारा हा पहिला प्रश्न आहे.

प्लास्टर निघाल्यावर हात किती दिवसांत मोकळा होतो?

पालकांना सगळ्यात जास्त सतावणारा प्रश्न हाच असतो. त्याचे उत्तर दिलासा देणारे आहे. कोपराच्या वरच्या मोडाच्या ३७५ मुलांवर वर्षभर लक्ष ठेवून केलेला एक अमेरिकी अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जखमी कोपराची हालचाल त्याच मुलाच्या चांगल्या कोपराशी ताडून पाहिली होती. दुखापतीनंतर सहा आठवड्यांनी ती ७२ टक्के, १२ आठवड्यांनी ८६ टक्के, २६ आठवड्यांनी ९४ टक्के आणि वर्षाअखेर ९८ टक्के भरली.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली म्हणजे सर्वाधिक सुधारणा सुरुवातीच्या तीन महिन्यांत होते. दुसरी म्हणजे उरलेला थोडा भाग भरून यायला वर्ष लागू शकते. त्यामुळे महिनाभरात हात पूर्ण सरळ झाला नाही म्हणून घाबरण्याचे कारण नाही. बहुतेक मुलांमध्ये वाकवणे आधी परत येते आणि शेवटचे काही अंश सरळ होणे सगळ्यात उशिरा जमते.

मोठी मुले, शस्त्रक्रिया लागलेली मुले आणि ज्यांचा मोड गंभीर होता अशी मुले यांना जास्त वेळ लागतो. शेजारच्या मुलाचा हात तीन आठवड्यांत मोकळा झाला आणि आपल्या मुलाचा नाही, ही तुलना फारशी उपयोगाची नाही.

मग फिजिओथेरपी लागतेच का?

साध्या मोडानंतर लहान मुलांना ती सरसकट लागत नाही. जर्मनीतल्या शल्यचिकित्सकांनी २००५ मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या मुलांचे दोन गट तपासले. फिजिओथेरपी घेतलेल्या मुलांचा कोपर पहिल्या काही महिन्यांत जरा लवकर मोकळा झाला, पण वर्षाअखेर दोन्ही गटांत फरक उरला नाही. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये ६१ मुलांवर झालेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही फिजिओथेरपीच्या सत्रांमुळे हालचालीत किंवा रोजच्या कामांत वेगळा फायदा दिसला नाही.

म्हणजे फिजिओथेरपिस्टची गरजच नाही, असे मात्र नव्हे. मूल भीतीमुळे हात हलवतच नसेल, वय जास्त असेल, सांधा निखळला असेल, नसेला इजा झाली असेल किंवा सुधारणा थांबली असेल, तर त्यांचे मार्गदर्शन मोलाचे ठरते. चांगला फिजिओथेरपिस्ट मुलाचा हात ओढत नाही. मुलाने स्वतः तो हलवावा म्हणून तो त्याला खेळवतो, शिकवतो आणि दर भेटीत कोन मोजून नोंद ठेवतो. सत्राच्या वेळी मूल किंचाळत असेल, तर तो उपचार मुलासाठी योग्य आहे का, हे पालकांनी डॉक्टरांना जरूर विचारावे.

मालिश आणि जोरात ताणणे का नको?

वर उल्लेख केलेला दंडाचा स्नायू आठवा. तो फाटलेला असतो आणि आत रक्त साचलेले असते. त्यावर रगडून मालिश केली किंवा हात जबरदस्तीने ओढला, तर तिथे पुन्हा रक्तस्राव होतो. या साचलेल्या रक्ताच्या जागी शरीर कधी कधी चक्क हाड तयार करते. स्नायूत तयार झालेले हे हाड सांध्याच्या तोंडाशी दगडासारखे बसते. मग आधी थोडाफार वाकणारा कोपर पूर्णच थांबतो. अशा वेळी कोपर गरम लागतो, पुढच्या बाजूला टणक गाठ हाताला लागते आणि हालचाल दिवसेंदिवस वाढण्याऐवजी कमी होत जाते.

अस्थिरोगाच्या विद्यार्थ्यांना कोपराच्या दुखापतीचा धडा शिकवताना एक वाक्य हमखास सांगितले जाते : कोपराला मालिश नाही. गुडघा, खांदा, कंबर यांना एखादे वेळी चालणारी गोष्ट कोपराला चालत नाही. बादली, वीट किंवा वाळूची पिशवी हाताला लटकवणे हाही जबरदस्तीने ताणण्याचाच प्रकार आहे. वजन पेलण्यासाठी मूल हात उलट आवळून धरते, दुखणे वाढते आणि स्नायूला इजा होते. भूल देऊन हात एकदाच जोरात वाकवण्याचा उपायही मुलांच्या कोपरासाठी सहसा टाळला जातो. त्यात हाड पुन्हा मोडण्याचा आणि स्नायूत हाड तयार होण्याचा धोका असतो.

गावात लोक हाडवैद्याकडे का जातात, हेही समजून घ्यायला हवे. सोयगाव, कन्नड किंवा सिल्लोडच्या आतल्या गावातून शहरात यायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, शिवाय प्रवासाचा खर्च होतो आणि रांगेत उभे राहावे लागते. हाडवैद्य गावातच असतो, ओळखीचा असतो, आपुलकीने बोलतो. पण कोपराचा मोड हाताने चाचपून ओळखता येत नाही. कामट्या लावून घट्ट बांधलेल्या पट्टीमुळे रक्तपुरवठाच बंद पडू शकतो. बाकी काही नाही तरी मुलाच्या कोपरापुरता हा मोह टाळावा.

पहिल्या काही तासांतला धोका कोणता?

सगळ्यात वाईट प्रकारचा आखडलेपणा कोपरात नसतो, तो बोटांत आणि मनगटात येतो. त्याची सुरुवात दुखापतीनंतरच्या काही तासांतच झालेली असते. सुजेमुळे किंवा घट्ट पट्टीमुळे हाताच्या स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो. स्नायू मरतात, आकसतात आणि बोटे कायमची पंज्यासारखी वाकतात. जर्मन शल्यचिकित्सक रिचर्ड फोन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये याचे वर्णन केले. आज हा प्रकार टाळता येण्याजोगा आहे, पण त्यासाठी पालकांना खुणा माहीत हव्यात :

• औषध देऊनही दुखणे वाढतच जाणे, मूल सतत अस्वस्थ असणे आणि पुन:पुन्हा वेदनाशामक मागणे
• बोटे हळूच सरळ केली तरी असह्य कळ येणे
• बोटे बधिर होणे, पांढरी किंवा निळसर पडणे, गार लागणे
• बोटे हलवता न येणे

प्लास्टर किंवा पट्टी असताना यातले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी रुग्णालय गाठा. '१०८' क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावता येते.

पडल्यानंतर लगेच काय करावे? हात ओढून सरळ करायचा प्रयत्न करू नका. आहे त्याच स्थितीत पुठ्ठा किंवा दुमडलेल्या वर्तमानपत्राचा आधार देऊन तो ओढणीच्या झोळीत ठेवा. बांगड्या, कडे, दोरा, अंगठी ताबडतोब काढा, कारण सूज आल्यावर त्या कापाव्या लागतात. भूल द्यावी लागण्याची शक्यता असते, म्हणून डॉक्टरांनी पाहीपर्यंत खायला-प्यायला देऊ नका.

घरी नेमके काय करायचे?

प्लास्टर व तारा निघाल्यावर आणि हाड जुळल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यावर घरचे काम सुरू होते. नियम एकच आहे : हात मुलाने स्वतः हलवायचा, दुसऱ्याने नाही.

• दिवसातून चार-पाच वेळा दहा-दहा हालचाली पुरेत. हात जमेल तेवढा वाकवणे, जमेल तेवढा सरळ करणे. मग कोपर पोटाशी चिकटवून तळवा आकाशाकडे आणि जमिनीकडे फिरवणे.
• थोडे ताणल्यासारखे वाटणे चालते. पण व्यायामानंतर दुखणे तासाभराहून जास्त टिकले किंवा दुसऱ्या दिवशी सूज वाढली, तर तुम्ही जास्त केले असे समजा.
• तारांच्या जखमा भरल्यावर अंघोळीच्या वेळी कोमट पाण्यात हात हलवायला सांगा. पाण्यात भीती कमी होते.
• खेळ हाच सगळ्यात चांगला व्यायाम आहे. मऊ चेंडू भिंतीवर फेकणे, कणीक मळणे, छोटी पोळी लाटणे, टेबल पुसणे, भिंतीला लावलेल्या फळ्यावर मोठी चित्रे काढणे, टाळ्यांची गाणी. मुलाला 'कोपर वाकव' म्हणण्यापेक्षा 'खांद्याला हात लाव' किंवा 'तो डबा काढून दे' असे सांगितले तर ते आपसूक जमते.
• जेवण, वेणी, शर्टाची बटणे ही कामे त्याच हाताने करू द्या. कौतुक म्हणून घरातल्यांनी भरवत राहिले तर कोपर विश्रांतीच घेत राहतो.
• झोळी कायम घालून ठेवू नका. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस संपले की ती काढा. शाळेतल्या गर्दीत चार दिवस घातली तर हरकत नाही.
• झाडावर चढणे, धक्काबुक्कीचे खेळ, सायकल आणि कबड्डी डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत बंद. नुकत्या जुळलेल्या हाडाला पुन्हा मोड येऊ शकतो.

प्रगती मोजायची कशी? हातातल्या मोबाइलचा इथे चांगला उपयोग होतो. दर पंधरा दिवसांनी, त्याच जागी, त्याच अंतरावरून, बाजूने तीन फोटो काढा : हात जमेल तेवढा सरळ, जमेल तेवढा वाकवलेला आणि दुसरा, चांगला हात तशाच स्थितीत. रोज पाहणाऱ्या डोळ्यांना फरक कळत नाही, पण दोन महिन्यांपूर्वीचा फोटो शेजारी ठेवला की कळतो. डॉक्टरांना दाखवायलाही हे फोटो उपयोगी पडतात.

कोपर किती हलला म्हणजे पुरेसे?

निरोगी कोपर पूर्ण सरळ होतो आणि साधारण १४० ते १४५ अंशांपर्यंत वाकतो. अनेक मुलांचा कोपर सरळ रेषेच्याही थोडा मागे जातो. रोजच्या कामांना किती हालचाल लागते, हे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधील शल्यचिकित्सक मॉरी आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मोजले. बहुतेक कामे ३० ते १३० अंशांच्या दरम्यान होतात आणि तळवा दोन्ही बाजूंना ५० अंश फिरला तरी चालते, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे २०११ मधल्या एका अभ्यासात मोबाइल फोन कानाला लावण्यासाठी कोपर त्याहून जास्त, १४० अंशांच्या आसपास वाकवावा लागतो असे दिसले.

आपल्याकडच्या सवयी लक्षात घेतल्या तर वाकवणे आणि तळवा वर करणे जास्त महत्त्वाचे ठरते. हाताने घास तोंडात घालणे, चेहऱ्यावर पाणी मारणे, केस विंचरणे, ओंजळ धरणे ही कामे त्यावरच अवलंबून आहेत. कोपर शेवटचे दहा अंश सरळ झाला नाही, तर मुलाला बहुधा जाणवतही नाही. पण हात तोंडापर्यंत पोहोचत नसेल तर रोजचे जगणे अडते. म्हणून उपचाराचा निर्णय घेताना कोनासोबत मुलाला काय करता येत नाही, हेही पाहिले जाते.

किशोरवयीन मुलांची गोष्ट वेगळी का?

मुलींमध्ये साधारण १३ ते १५ आणि मुलांमध्ये १५ ते १७ वर्षांपर्यंत कोपराजवळची वाढ जवळपास पूर्ण होते. या वयातल्या दुखापती मोठ्यांसारख्या असतात : कोपर निखळणे, सांध्याच्या पृष्ठभागातच मोड होणे, आतल्या बाजूचा हाडाचा कोपरा सुटणे. कबड्डी, कुस्ती, व्हॉलीबॉल आणि दुचाकीचे अपघात ही त्यांची नेहमीची कारणे. आखडलेपणा या वयात जास्त येतो आणि आपोआप सुटण्याचे प्रमाण कमी असते.

म्हणून या वयात हालचाल लवकर सुरू करण्यावर भर असतो. निखळलेला कोपर बसवल्यावर स्थिर असेल, तर तो दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त बांधून ठेवत नाहीत. दहावी-बारावीच्या परीक्षेआधी लिहिता हात जखमी झाला तर अनेक मुले व्यायाम बाजूला ठेवून अभ्यासाला बसतात आणि नेमके मोलाचे आठवडे हातातून जातात. अशा वेळी वैद्यकीय प्रमाणपत्रासह शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे लेखनिकासाठी विचारणा करावी. पेपर दरवर्षी असतो, कोपर मोकळा होण्याचे दिवस मोजके असतात.

तीन महिन्यांनंतरही अडले तर पुढे काय?

सुधारणा हळू असेल पण होत असेल, तर वाट पाहणे बरोबर आहे. सलग सहा ते आठ आठवडे फोटोंत काहीच फरक दिसला नाही, मिळालेली हालचाल पुन्हा कमी झाली, कोपर वाकवताना 'कडक' अडथळा लागला किंवा तळवा फिरेनासा झाला, तर पुन्हा एक्स-रे काढून कारण शोधावे लागते. गरज पडल्यास सीटी स्कॅन करतात.

अडथळा मऊ भागाचा असेल तर पट्ट्या वापरतात. यातली एक पट्टी रोज किंवा काही दिवसांनी थोडी थोडी आवळून कोपर हळूहळू मोकळा करते. झटका न देता बराच वेळ हलका ताण देणे, हे तिचे तत्त्व. ती दिवसातून काही तास किंवा रात्री, काही महिने लावावी लागते. मुलाने ती लावून घेणे आणि त्वचेवर जखम होत नाही ना हे पाहणे, ही जबाबदारी घरच्यांची.

हाड वाकडे जुळल्यामुळे अडत असेल तर ते कापून पुन्हा सरळ करता येते. सांध्याचे आकसलेले आवरण शस्त्रक्रियेने मोकळेही करता येते. पण मुलांमध्ये हा शेवटचा पर्याय मानतात. साधारणपणे किमान सहा महिने थांबून, हालचाल रोजच्या कामाला अपुरी असेल तरच तो विचारात घेतात. स्नायूत हाड तयार झाले असेल तर ते पक्व होईपर्यंत थांबतात, घाईने काढलेले हाड पुन्हा येऊ शकते. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्याच दिवसापासून, दुखत असतानाही, व्यायाम करावा लागतो. लहान मूल त्यात साथ देईलच असे नाही. म्हणून समजूतदार किशोरवयीन मुलांत ही शस्त्रक्रिया जास्त यशस्वी होते आणि लहानग्यांत तिचा निकाल कमी खात्रीचा असतो.

खर्च, अंतर आणि ऊसतोडीचा प्रश्न

राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत १ जुलै २०२४ पासून सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. कोणती शस्त्रक्रिया यादीत बसते, ते योजनेत सहभागी रुग्णालयातला आरोग्यमित्र सांगतो. जाताना शिधापत्रिका, आधार आणि आधीचे सगळे एक्स-रे सोबत ठेवा. १९५६ मध्ये सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे घाटी रुग्णालय शहरातच असल्याने पहिला सल्ला तिथेही घेता येतो.

मराठवाड्यात आणखी एक अडचण आहे, तिची नोंद क्वचितच कुठे होते. दिवाळीच्या सुमाराला हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात आणि मुलेही सोबत जातात. तारा काढायची तारीख आली तेव्हा कुटुंब दोन-तीनशे किलोमीटरवर एखाद्या कारखान्याच्या फडात असते. तारा नेमलेल्या वेळेपेक्षा जास्त राहिल्या तर जंतुसंसर्ग होतो, प्लास्टर जास्त राहिले तर कोपर अधिक आखडतो. अशा कुटुंबांनी डिस्चार्ज कार्ड आणि एक्स-रे सोबत न्यावेत, त्यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवावेत. आम्ही कुठे असणार आहोत, हे डॉक्टरांना आधीच सांगावे. तारा काढणे हे काम जवळच्या उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयातही होऊ शकते. त्यासाठी गावी परतण्याची वाट पाहू नये.

थोडक्यात लक्षात ठेवा

• प्लास्टर निघाल्यावर कोपर आखडलेला असणे नेहमीचे आहे. बहुतेक सुधारणा तीन महिन्यांत होते, उरलेली वर्षभरात.
• मालिश नाही, बादली नाही, जोरात ओढणे नाही.
• मुलाने स्वतः, दिवसातून अनेकदा, थोडे थोडे आणि खेळत हलवणे, हाच उपचार.
• दर पंधरा दिवसांनी मोबाइलवर फोटो काढा.
• सुधारणा थांबली, कोपर गरम-टणक झाला किंवा हालचाल कमी होऊ लागली तर पुन्हा तपासणी करा.
• प्लास्टरमध्ये असताना बोटे बधिर, गार किंवा असह्य दुखरी झाली तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

एवढे पाळले तर पुढच्या सुट्टीपर्यंत बहुतेक मुले आपला मोडलेला हात कोणता होता, हेही विसरलेली असतात. तोपर्यंत घरच्यांनी तेलाची वाटी बाजूला ठेवावी आणि मुलाच्या हातात चेंडू द्यावा.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. आपल्या मुलाच्या दुखापतीबाबतचा निर्णय अस्थिरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावा.)